काळं ऑइल बिघडतं कुठे?

गाडी एक चक्कर मारून आणलेली असते, इंजिन गरम असतं. मेकॅनिक खाली सरकतो, सतरा नंबरचा पाना लावून ड्रेन बोल्ट सैल करतो आणि शेवटचे आटे बोटांनीच सोडवतो. बोल्ट आत दाबून धरायचा आणि शेवटच्या आट्याला हात झटकन बाजूला घ्यायचा, हे शिकेपर्यंत गॅरेजातला प्रत्येक पोरगा दोनदा तरी हात भाजून घेतो. धार सुटते. आधी जाड, काळी, वाफाळती. मग बारीक होत होत थेंबांवर येते. खाली ट्रे असतो. ट्रे म्हणजे पुष्कळदा उभा चिरलेला जुना कॅन, नाहीतर कान तुटलेलं घमेलं.

छोट्या कारमधून असं तीन-साडेतीन लिटर तेल निघतं, मोटारसायकलमधून लिटरभर, ट्रकमधून दहा-पंधरा लिटर किंवा त्याहून जास्त. गॅरेजात त्याला काळं ऑइल किंवा जळकं ऑइल म्हणतात. ते गटारात ओतलं जातं, असा शहरी पर्यावरणप्रेमींचा समज असतो. आपल्याकडे तो बहुतांशी चुकीचा आहे. काळ्या ऑइलला भाव मिळतो, आणि भाव मिळणारी वस्तू आपल्याकडे कोणी फेकत नाही. ऑइलवाला दारात येतो, रोख मोजतो, बॅरल रिकामं करून जातो. गोळा करण्याची यंत्रणा सरकारनं उभारण्याच्या कितीतरी आधी भंगारवाल्यांनी उभारलेली आहे. तिढा आहे तो गोळा होणाऱ्या मालाच्या जातीचा. या तेलापासून पुन्हा चांगलं वंगण बनणार की ते भट्टीत जाणार, हे रिफायनरीत पोचण्याच्या कितीतरी आधी, या ट्रेमध्येच ठरून जातं. आणि आपला भाव आणि आपले नियम दोन्ही ट्रेकडे पाठ करून उभे आहेत, असं मला वाटतं. ते कसं, ते पाहू.

तेल झिजत नाही

इंजिन ऑइल हे मिश्रण आहे. त्याचा ७५ ते ९० टक्के भाग म्हणजे बेस ऑइल, साधारण १८ ते ४० कार्बन अणूंच्या साखळ्यांचे आणि कड्यांचे हायड्रोकार्बन. बाकीचा भाग अ‍ॅडिटिव्हचा. त्यात कॅल्शियमयुक्त अपमार्जकं असतात, काजळीच्या कणांना एकत्र येऊ न देणारी द्रव्यं असतात, धातूवर पातळ संरक्षक थर चढवणारं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग असतं, आणि तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून घातलेले लांब साखळ्यांचे पॉलिमर असतात.

इंजिनात संपतात ती मुख्यतः ही अ‍ॅडिटिव्ह. तापलेल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन आम्लं तयार होतात. अपमार्जकांतला अल्कलीचा साठा ती निष्प्रभ करतो आणि त्यातच खर्ची पडतो. पॉलिमरच्या साखळ्या गिअरच्या दातांत चिरडून तुटतात. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच तेलात बुडालेले असल्यामुळे तिथं हे जास्तच होतं. शिवाय बाहेरून येणारी घाण असते: न जळलेलं पेट्रोल, काजळी, पाण्याची वाफ, रिंगांनी खरवडलेलं लोखंड, बेअरिंगमधलं तांबं आणि शिसं, एअर फिल्टरला चकवून आलेली धूळ. पूर्वी यात पेट्रोलमधल्या शिशाची मोठी भर पडायची. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल आल्यावर काळं ऑइल एका झटक्यात बरंच कमी विषारी झालं. या फायद्याचा विचार तेव्हा फारसा कुणी केला नसेल.

बेस ऑइल मात्र बव्हंशी शाबूत राहतं. त्याचे रेणू इंजिनात शिरताना जसे असतात जवळजवळ तसेच बाहेर पडतात, फक्त घाणीत बुडालेले. पुनर्शुद्धीकरणाचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

काळेपणाबद्दल मात्र गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांची मतं उलट असतात. आमच्या गल्लीतल्या गॅरेजात एकानं तक्रार केली, की हजार किलोमीटरमध्येच ऑइल काळं पडलं, माल बोगस होता. मेकॅनिक ट्रे पुसत म्हणाला, ‘‘साहेब, काळं पडलं म्हणजे त्यानं काम केलं. सोनेरी राहिलं असतं तर घाण इंजिनातच बसली असती ना.’’ रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तो बरोबर आहे. काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्या अ‍ॅडिटिव्हचं काम. बोटांत चोळून ‘चिकटपणा गेला’ म्हणणं मात्र त्याच्याकडूनही अंदाजच असतो. त्याहून भरवशाची एक परीक्षा गॅरेजात फुकटात होते. टीपकागदावर तेलाचा एक थेंब टाकून तो रात्रभर ठेवायचा. मधे काजळीचा गाभा उमटतो, भोवती तेलाचं वलय पसरतं आणि इंधन मिसळलं असेल तर बाहेर आणखी एक फिकट कडा येते. गाभा घट्ट, काळाकुट्ट आणि तीक्ष्ण कडेचा दिसला, म्हणजे काजळी धरून ठेवण्याची तेलाची ताकद संपली.

ट्रेमध्ये आणखी काय पडतं

विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडं जास्त थांबतो.

गॅरेजात फक्त इंजिन ऑइल निघत नाही. गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल आणि रेडिएटरमधला हिरवा कूलंट निघतो. कार्ब्युरेटर, चेन, बेअरिंग धुतलेलं डिझेल, रॉकेल, पेट्रोल निघतं. काही वर्कशॉपमध्ये डिग्रीझिंगचे द्रावही असतात. संध्याकाळी आवराआवर करताना या सगळ्यांचा मुक्काम एकाच बॅरलमध्ये पडतो, कारण बॅरल एकच असतं आणि सगळं काळपटच दिसतं. पण शुद्धीकरणाच्या दृष्टीनं या मिसळी सारख्या नाहीत. काही सहज निघून जातात, काही त्रास देऊन जातात, काही जातच नाहीत.

डिझेल, रॉकेल आणि पेट्रोल सहज निघणाऱ्यांतले. त्यांचा उत्कलनबिंदू वंगणापेक्षा बराच खाली असल्यामुळे शुद्धीकरणात ते आधीच उडून वेगळे होतात आणि पुष्कळ ठिकाणी त्याच कारखान्याच्या बॉयलरला जळण म्हणून लागतात. नुकसान एवढंच की बॅरलमागं हाती येणारं वंगण कमी होतं आणि साठवणीत आगीचा धोका वाढतो. ही मिसळ वाईट खरी, पण भरून निघणारी.

पाण्याचा बाऊ मात्र गरजेपेक्षा जास्त केला जातो, निदान उष्णतेच्या हिशेबात. २०० लिटरच्या बॅरलमध्ये २० लिटर पाणी आहे असं धरा. ते ३० अंशांपासून तापवून पूर्ण उडवायला सुमारे ५१ मेगाजूल लागतात, म्हणजे आदर्श हिशेबात सव्वा-दीड किलो तेलाची उष्णता. हे फार नाही. पाण्याची खरी डोकेदुखी वेगळी आहे. काजळी धरून ठेवणारी तीच अ‍ॅडिटिव्ह पाण्याचे सूक्ष्म थेंबही धरून ठेवतात. त्यामुळे ते तळाशी बसत नाही, तेलात दुधाळ होऊन राहतं आणि तापवताना फेस येऊन उतू जातं. शिवाय बाहेर काढलेलं पाणीही घाण पाणीच असतं. त्याच्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते.

आणि हे पाणी येतं कुठून? इंजिनातून थोडंच. बरंचसं जून ते सप्टेंबर आभाळातून. बॅरलच्या तोंडाचा व्यास साधारण ५७ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. वरचं झाकण कापून उघडं ठेवलेलं बॅरल पत्र्याच्या कडेला उभं असेल, तर १०० मिलिमीटर पावसात त्यात २५ लिटर पाणी पडतं. कोकणात असा पाऊस एका दिवसात होतो. बंद बॅरलही उन्हापावसात उभं ठेवलं तर सुरक्षित नसतं. पावसाचं पाणी वरच्या काठाच्या आत साचतं, संध्याकाळी बॅरल थंड झालं की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून जाणकार बॅरल आडवं किंवा तिरपं ठेवतात.

कूलंट आणि ब्रेक ऑइल त्रास देऊन जाणाऱ्यांत. ब्रेक ऑइलला ऑइल म्हणतात, पण आपल्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल सहसा ग्लायकॉल कुळातलं असतं आणि कूलंटसुद्धा. तेलाशी त्याचं जमत नाही, तापवल्यावर ते यंत्रात चिकट थर धरतं. नावातल्या ‘ऑइल’ या शब्दानं किती बॅरलं नासली असतील याची मोजदाद कुठेच नाही.

आता न जाणाऱ्या मिसळी. क्लोरिन असलेले डिग्रीझिंगचे द्राव या गटातले सर्वांत धोकादायक. वंगणाच्या शुद्धीकरणात तापमान ३०० अंशांच्या पुढे जातं. तिथे क्लोरिनची संयुगं फुटून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते पोलादी नळ्या खाऊन टाकतं. तेच तेल भट्टीत कमी तापमानाला जाळलं तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होण्याची भीती असते. म्हणून जगभरचे नियम तेलातल्या हॅलोजनवर, म्हणजे क्लोरिन आणि त्याच्या कुळातल्या मूलद्रव्यांवर, नजर ठेवतात. अमेरिकेत १९९२च्या नियमांनुसार तेलात एकूण हॅलोजन दहा लाखांत १,००० भागांपेक्षा जास्त निघाले, तर त्यात घातक द्राव मिसळला आहे असं गृहीत धरतात आणि तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार तेलवाल्यावर पडतो. जर्मनीत पुनर्शुद्धीकरणाला जाणाऱ्या तेलासाठी मर्यादा किलोमागे २ ग्रॅम. आपल्याकडे २०१६च्या नियमांत जळण म्हणून जाणाऱ्या तेलासाठी ती ४,००० भाग आहे.

हे आकडे कागदावर निर्जीव वाटतात, म्हणून बॅरलमध्ये घालून पाहू. २०० लिटर तेलाचं वजन साधारण १७५ किलो. परक्लोरोएथिलीन या द्रावाच्या वजनाचा ८५ टक्के भाग क्लोरिन असतो. हिशेब केला तर अमेरिकी मर्यादा ओलांडायला सुमारे १२५ मिलिलिटर द्राव पुरतो, जर्मन मर्यादेला पाव लिटर, आपल्या मर्यादेला अर्धा लिटर. म्हणजे ग्लास-दीड ग्लास कटिंग चहाइतका द्राव अख्खं बॅरल अमेरिकेत संशयित ठरवतो. तोच द्राव ट्रेच्या शेजारी वेगळ्या डब्यात राहिला असता तर निस्तरायला एक कपभर घाण असती. मिसळल्यावर १७५ किलो घाण होते, आणि टँकरमध्ये ओतल्यावर ती अशी विरघळते की कुणाच्या गॅरेजातून आली हे शोधणं अशक्य.

जुन्या ट्रान्सफॉर्मरांतल्या पीसीबी या क्लोरिनयुक्त रसायनाचंही तसंच. त्याचे रेणू वंगणाच्याच तापमानाच्या आसपास उकळतात, त्यामुळे ऊर्ध्वपातनात ते तेलाबरोबरच हातात हात घालून येतात. आपल्या नियमांत त्याची मर्यादा म्हणूनच इतकी कडक आहे: दहा लाखांत २ भागांपेक्षा कमी. वडापावच्या कढईतलं तेल विषारी नाही, पण तेही या बॅरलमध्ये नको. त्यातल्या मेदाम्लांनी शुद्धीकरणाचं यंत्र बसतं.

मिसळ किती महाग पडू शकते हे पाहायचं तर अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं टाइम्स बीच हे गाव आठवावं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जुनं तेल गोळा करणाऱ्या एका ठेकेदारानं एका रसायन कारखान्याचा डायॉक्सिनयुक्त गाळ उचलला आणि तो जुन्या तेलात मिसळला. धूळ बसावी म्हणून हे तेल घोड्यांच्या रिंगणांत आणि कच्च्या रस्त्यांवर फवारलं जायचं. एका तबेल्यात १९७१ मध्ये फवारणीनंतर पक्षी आणि घोडे मरू लागले. टाइम्स बीचच्या रस्त्यांवरही याच ठेकेदाराचं तेल पडलं होतं. तिथल्या मातीतलं डायॉक्सिन १९८२च्या अखेरीस उघड झालं आणि नेमका तेव्हाच नदीला पूर आला. १९८३ मध्ये सरकारनं अख्खं गाव विकत घेऊन रिकामं केलं, १९८५ मध्ये ते गाव म्हणून कागदोपत्रीही उरलं नाही. तिथे आणि आसपास दूषित झालेली सुमारे २ लाख ६५ हजार टन माती १९९६-९७ मध्ये भट्टीत जाळावी लागली. आज तिथे उद्यान आहे. आपल्याकडेही वखारीच्या, ट्रक उभे राहतात त्या अंगणात काळं ऑइल शिंपडून धूळ बसवायची पद्धत आहे. त्यात डायॉक्सिन नसेल, पण त्यात काय आहे हे शिंपडणाऱ्याला ठाऊक असतं का?

कारखान्यात

तेल चांगलं आलं तर पुढचं काम तसं सरळ आहे. गाळ बसू द्यायचा, तापवून पाणी आणि हलकं इंधन काढायचं, मग निर्वात ऊर्ध्वपातन. निर्वात कशाला? साध्या दाबाखाली हे तेल उकळवायला गेलं तर ते उकळण्याआधीच तापून फुटायला लागतं. दाब अगदी कमी केला की तेच तेल ३५० अंशांच्या आत उकळतं. त्यातही तेल जास्त वेळ गरम पृष्ठभागावर राहू नये म्हणून फिरत्या पात्यांनी त्याचा पातळ थर भिंतीवर पसरवतात. काही क्षणांत वंगण वाफ होऊन निघून जातं. काजळी, धातू आणि संपलेली अ‍ॅडिटिव्ह तळाशी डांबरासारखी उरतात आणि पुष्कळदा डांबरातच वापरली जातात. वाफ थंड करून मिळालेलं तेल पिवळट आणि वासाचं असतं. ते सुधारायला एक तर मुलतानी मातीच्या जातीच्या मातीतून गाळतात, नाहीतर उत्प्रेरकावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. दुसऱ्या पद्धतीचं तेल खनिज तेलातून काढलेल्या नव्या बेस ऑइलच्या तोडीचं असतं. शंभर लिटरमागे साधारण ६५ ते ७५ लिटर बेस ऑइल हाती येतं.

आपल्याकडे आधी वेगळीच रीत होती. काळ्या तेलात तीव्र गंधकाम्ल ओतायचं, घाण गोळा होऊन खाली बसली की वरचं तेल मातीतून गाळायचं. भांडवल कमी, यंत्र साधं. पण मागे उरायचा तो आम्लानं माखलेला डांबरी गाळ आणि तेल प्यायलेली माती. दोन्ही टाकायला जागा नाही. म्हणून केंद्राच्या नियमांनी मातीसह निर्वात ऊर्ध्वपातन, हायड्रोजनसह निर्वात ऊर्ध्वपातन आणि पातळ थराचं बाष्पीभवन या पद्धतींना मान्यता दिली आणि आम्लाची रीत बाद केली. नुसत्या मातीतून गाळून रंग उजळवण्याचा उद्योग मात्र कारखाना म्हणवून न घेता चालू शकतो, आणि त्याच्याकडे पुढे वळायचंच आहे.

एक हिशेब इथेच करून टाकतो. शंभर लिटर नवं तेल विकलं तर त्यातलं ढोबळ मानानं निम्मं परत मिळू शकतं. बाकीचं इंजिनात जळतं, गळतं, फडक्याला लागतं. पन्नासाचे पुनर्शुद्धीकरणात पस्तीस होतात. पस्तीस पुन्हा गाडीत गेले तर पुढच्या फेरीत बारा. अशा फेऱ्यांची बेरीज दीडशेच्या जरा वर जाते. म्हणजे अगदी उत्तम यंत्रणेतही एक बॅरल दीड बॅरलाचं काम करतं, त्यापेक्षा जास्त नाही. चक्र पूर्ण होतं, कचरा शून्यावर येतो वगैरे जाहिरातींतली भाषा इथे लागू पडत नाही. पण अर्धं बॅरल नवं तेल वाचणं ही लहान गोष्टही नाही.

भट्टी, सेंटरिंग आणि सोनेरी रंग

गॅरेजातून निघालेलं तेल मान्यताप्राप्त कारखान्याशिवाय आणखी तीन ठिकाणी जातं.

पहिली जागा जळणाची. काळ्या ऑइलची उष्णता फर्नेस ऑइलच्या आसपास असते, त्यामुळे छोट्या भट्ट्यांना ते परवडतं. सिमेंटच्या भट्टीत जळलं तर मी फारशी कुरकूर करणार नाही. तिथे माल १,४५० अंशांपर्यंत तापतो, तेलातलं जस्त-कॅल्शियम भाजून झालेल्या सिमेंटच्या खड्यांत (क्लिंकरमध्ये) अडकतं. वस्तीतल्या छोट्या भट्टीत मात्र तीच जस्त-फॉस्फरसची अ‍ॅडिटिव्ह बारीक राख होऊन धुराड्यातून बाहेर पडतात. नव्या तेलाची भारी अ‍ॅडिटिव्ह शेजारच्या चाळीच्या वाळवणावर येऊन बसतात, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरी जागा फासण्याची. सेंटरिंगच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून, ट्रकच्या पाट्यांना पावसाळ्याआधी गंज धरू नये म्हणून, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून काळं ऑइल लावतात. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या मुलखात ही सवय उपजतच म्हणायची. पण हे तेल शेवटी पावसानं धुऊन मातीत आणि पाण्यात जातं. एक लिटर तेल पाण्यावर एक मायक्रॉन जाडीनं पसरलं तर हजार चौरस मीटर व्यापतं, म्हणजे दहा गुंठे. हे काम करणारा मजूर ते उघड्या हातांनी फासतो, हेही लक्षात घ्यायला हवं. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत चात्यांच्या तेलानं कपडे भिजून कामगारांना त्वचेचा कर्करोग होतो, हे १९२२ मध्येच तिथल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये तर जळणातून आलेली, कर्करोगाशी संबंध असलेली बहुवलयी संयुगं नव्या तेलापेक्षा जास्त असतात.

तिसरी जागा सर्वांत फायद्याची. काळं ऑइल मातीतून गाळलं की रंग उजळतो. ते बऱ्यापैकी सोनेरी दिसतं, नव्या किंवा गोळा केलेल्या जुन्या डब्यात भरलं की विकलं जातं, नाहीतर सुटं विकलं जातं. त्यात काजळी धरणारं, आम्ल मारणारं काहीही नसतं. गिऱ्हाईक रंगावर जातं आणि रंग ही या तेलाची सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. म्हणून रिकामा डबा देण्याआधी त्याला भोक पाडा असं कंपन्या सांगतात. चांगला गॅरेजवाला तसं करतोही. पण भोक न पाडलेल्या शाबूत डब्याला भंगारात जास्त पैसे मिळतात, हे त्यालाही माहीत असतं.

भाव कशाला मिळतो

आता नियमांकडे. बाझल करारानं १९८९ मध्ये टाकाऊ खनिज तेल घातक कचऱ्याच्या यादीत घातलं. भारतात त्याच वर्षी घातक कचऱ्याचे पहिले नियम आले, मग २००८चे, मग २०१६चे. पहिल्या नियमांनंतरही टाकाऊ तेलाची आयात होत राहिली. न्हावा-शेवा बंदरात वंगणाच्या नावाखाली आलेल्या टाकाऊ तेलाच्या १३३ कंटेनरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयानं २००५ मध्ये ते सगळं तेल भट्टीत जाळून नष्ट करायचा आदेश दिला. पाहण्यासारखी गोष्ट ही, की बंदरातल्या कंटेनरचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत नेता येतो. गॅरेजातल्या ट्रेचा नमुना कोण घेणार?

२०१६च्या नियमांत तेल कुठल्या दर्जाचं असलं तर पुनर्शुद्धीकरणाला जावं याची मर्यादा आहे: शिसं दहा लाखांत १०० भाग, आर्सेनिक ५, कॅडमियम-क्रोमियम-निकेल मिळून ५००, बहुवलयी संयुगं ६ टक्के. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, नोंद ठेवा, लेबल लावा, वाहतुकीचा कागद सोबत द्या. मोठी डीलर वर्कशॉप हे सगळं करतात. दिवसाला आठ-दहा दुचाक्या करणाऱ्या गॅरेजाचं बॅरल भरायला महिनाभर लागतो. तिथे हा कागद कुणी पाहिलेला नसतो, आणि नुसता कागद दाखवून फरक पडेल असंही मला वाटत नाही.

कारण फरक भावात आहे. ऑइलवाला लिटरवर पैसे देतो. लिटरवर पैसे दिले की बॅरलमध्ये जे काही द्रव पडेल ते पैसे मिळवून देतं. धुतलेलं डिझेल, कूलंट, पावसाचं पाणी, सगळं तेलाच्या भावानं विकलं जातं. वेगळं ठेवणाऱ्याला दुसरा डबा घ्यावा लागतो, जागा अडते, आणि वर पैसे कमी मिळतात. ही व्यवस्था मिसळ करणाऱ्याला बक्षीस देते. ऑइलवाल्यालाही तपासण्यात रस नसतो. त्याचा माल जळणाला जाणार असेल तर थोडं पाणी आणि थोडं डिझेल त्याला चालतं. पुनर्शुद्धीकरण करणारा मात्र त्याच ऑइलवाल्याकडून विकत घेतो, त्याच भावाशी स्पर्धा करतो आणि वरून वाळवणं, गाळणं, गाळ निस्तरणं हा खर्च सोसतो. भट्टीवाल्याच्या धुराचा खर्च भट्टीवाला भरत नाही, म्हणून त्याला भाव जास्त देता येतो. कच्चं तेल स्वस्त झालं की हायड्रोजनची महाग यंत्रं लावलेला कारखाना आधी अडचणीत येतो.

जिथे हे सुटलं तिथे कुणीतरी मधे पैसा घातला. जर्मनीत १९६८च्या कायद्यानं नव्या तेलावर आकार लावून जुनं तेल उचलण्याचा खर्च भागवला जायचा. पुढे विक्रेत्यालाच विकलं तितकं तेल परत घेण्याची सक्ती झाली. शिवाय तिथे जुन्या तेलाचे चार गट केले आहेत आणि एका गटात दुसरा मिसळायला बंदी आहे. इटलीत १९८२ मध्ये सक्तीचा संघ स्थापन झाला. बाजारात वंगण आणणाऱ्या कंपन्या किलोमागे वर्गणी भरतात आणि संघ गॅरेजातून तेल फुकट उचलून नेतो. गॅरेजवाल्याला त्यात विकण्याचा फायदा नाही, म्हणून वाढवण्याचाही मोह नाही. इटलीत गोळा झालेल्या तेलाचा बहुतेक भाग पुन्हा वंगणच होतो.

भारतानं १८ सप्टेंबर २०२३च्या दुरुस्तीनं उत्पादकाची विस्तारित जबाबदारी वंगणाला लागू केली, अंमल १ एप्रिल २०२४ पासून. उत्पादक आणि आयातदारांनी विकलेल्या तेलाच्या काही टक्के इतक्या तेलाचं पुनर्चक्रीकरण झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. सुरुवात ५ टक्क्यांपासून आणि मग टप्प्याटप्प्यानं ५० टक्क्यांपर्यंत. निम्मंच परत मिळतं हा वरचा हिशेब धरला तर ५० टक्के म्हणजे मिळण्यासारखं जवळजवळ सगळं. उद्दिष्ट मोठं आहे आणि दिशाही योग्य आहे. माझी शंका एकच: प्रमाणपत्राचा पैसा कंपनीकडून कारखान्याकडे येतो. तो ट्रेपर्यंत पोचायचा तर ऑइलवाल्यानं दारात दोन भाव बोलायला हवेत, स्वच्छ तेलाला एक आणि मिसळीला दुसरा.

आणि दारात ओळखता येतं का? बरंचसं येतं. पेट्रोल पंपावर टाकीतलं पाणी पाहायला डिपला जी पेस्ट लावतात ती तळाशी बसलेलं पाणी दाखवते. तेलात मिसळून दुधाळ झालेलं पाणी पेस्टला सापडत नाही, पण गरम तव्यावर थेंब टाकला की तडतडतं. कोरडं तेल गप्प धूर काढतं. क्लोरिनसाठी तांब्याची तार लालभडक तापवून तेलात बुडवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरिन असण्याचा संशय घ्यावा. तार, तवा आणि पेस्ट यांचा सगळा पसारा एका खोक्यात मावतो.

आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं गेल्या पावसाळ्यापासून दोन डबे केले आहेत. एकात इंजिन ऑइल, त्यावर जाळीचं फनेल आणि झाकण. दुसऱ्यात धुतलेलं डिझेल आणि बाकीचं सगळं. काढलेले ऑइल फिल्टर तो ट्रेवर रात्रभर उलटे ठेवतो, त्यातून आणखी घोट-दोन घोट तेल उतरतं. परवा ऑइलवाला टेम्पो घेऊन आला. त्यानं एक काठी दोन्ही डब्यांत बुडवली, ओली खूण बोटानं पाहिली, दोन्हीचे लिटर मनात जुळवले आणि एकच भाव सांगितला. मग पाइप टाकून दोन्ही डबे टेम्पोतल्या एकाच पिंपात ओढून घेतले.